शिष्यांत उरलेला कलावंत

शिक्षकाने मागे ठेवलेले धन त्याच्या स्वतःच्या कृतींत शोधावे, की त्याच्या शिष्यांच्या? अमेरिकन छायाचित्रकार क्लॅरेन्स व्हाइट (१८७१-१९२५) यांच्या आयुष्यापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे.

ओहायो राज्यातील न्यूअर्क गावी किराणा मालाच्या एका घाऊक पेढीत व्हाइट हिशेबनीस होते. पगार बेताचा, छायाचित्रणाच्या काचा आठवड्याला दोनच परवडत. पेढीची वेळ होण्यापूर्वी, सकाळच्या कोवळ्या उजेडात, पत्नी, मेहुणी व स्नेही यांना उभे करून ते चित्रे घेत. खर्डेघाशीत प्रतिभा मरतेच असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

१९०२ मध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी ‘फोटो-सेसेशन’ हा गट स्थापन केला, तेव्हा त्याच्या संस्थापक सदस्यांत व्हाइट होते. छायाचित्र ही केवळ यंत्राची करामत नसून चित्रकलेच्या तोडीची कला आहे, हा या पंथाचा दावा. मंद प्रकाश, धूसर कडा आणि प्लॅटिनमच्या कागदावरील करड्या छटा ही त्याची साधने. पुढे स्टिग्लिट्झ यांनीच सुस्पष्ट, रोखठोक चित्रणाची कास धरली आणि धूसरपणा कालबाह्य ठरला. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. स्वतंत्र कलेचा मान मिळविण्यासाठी दुसऱ्या कलेचा पेहराव चढविण्यात एक न्यूनगंड असतोच.

परंतु व्हाइट यांचे मोजमाप तेवढ्यावर करणे अन्यायाचे होईल. १९०७ पासून ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवू लागले. १९१४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला स्वतःची शाळा काढली. डोरोथिया लँग आणि मार्गारेट बर्क-व्हाइट या त्यांच्या विद्यार्थिनी. लँग यांनी १९३६ मध्ये मंदीने देशोधडीस लागलेल्या एका मातेचा चेहरा टिपला; बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये चरख्यामागे बसलेले गांधीजी. या दोन्ही चित्रांत गुरूच्या धूसरतेचा मागमूसही नाही; रचनेची शिस्त मात्र पुरेपूर आहे. गुरूने त्यांच्या हाती स्वतःची शैली न देता दृष्टी दिली होती.

१९२५ मध्ये विद्यार्थ्यांसमवेत मेक्सिकोला गेले असता व्हाइट तेथेच निवर्तले. त्यांचा पंथ तोवर मागे पडला होता. त्यांचे शिक्षण पुढे गेले. शिक्षकाची टिपणे जशीच्या तशी उतरविणारा विद्यार्थी जेथे हुशार गणला जातो, तेथे आपल्याहून वेगळे होण्याची मुभा देणाऱ्या या गुरूचे स्मरण अगत्याचे आहे.