पलटणीच्या वहीतलं एक गाव

स्वीडन म्हटलं की तुम्हा-आम्हाला काय आठवतं? नोबेल पारितोषिक. टेनिसवाला ब्योन बोर्ग. आणि हो, बोफोर्सची तोफ! त्या तोफेनं आपल्या राजकारणात केवढा धुरळा उडवला, ते १९८७ नंतरची वर्षं पाहिलेल्यांना सांगायला नको. पण एवढी तोफ बनवणारा हा देश स्वतः १८१४ नंतर कोणत्याही युद्धात उतरला नव्हता. दोनशे वर्षं शांतता! म्हणून स्वीडिश माणूस म्हणजे शांत, शिस्तीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

वाचकहो, हे चित्र खोटं नाही. पण त्याच्या मागच्या पानावर दुसरं एक चित्र आहे. चारशे वर्षांपूर्वी याच देशाच्या फौजेच्या नावानं अर्धा युरोप चळचळा कापायचा. ती फौज कुठून आली? जर्मनी-पोलंडच्या रणांगणावर लढणारी माणसं होती तरी कोण? त्याचं उत्तर शोधायला राजधानीत नाही, पार उत्तरेकडे जावं लागतं. वेस्टरबॉटन नावाच्या प्रांतात.

बोथनियाच्या आखाताच्या काठचा हा मुलूख. हिवाळ्यात समुद्राचं पाणी गोठतं, दिवस दोन-चार तासांत संपतो. बार्ली, गुरं, मासे, जंगल... शेतकऱ्याचं जगणं याच्यावर. प्रांताच्या निशाणावर निळ्या रंगात धावणारं पांढरं रेनडिअर. या प्रांताची पायदळ पलटण, म्हणजे वेस्टरबॉटन रेजिमेंट, उभी राहिली १६२०च्या दशकात. आणि तिचा शेवट झाला २००० साली. पावणेचारशे वर्षांची ही पलटण. विजयाची यादी मोठी आहे, पण आज ती सांगायची नाही. आज सांगायची आहे एका गावाची गोष्ट.

दहातला एक

गावाचं नाव बिग्देओ. प्रांताचं मुख्य शहर उमेओ, तिथून उत्तरेला किनाऱ्या-किनाऱ्यानं गेलं की हे गाव लागतं. गाव म्हणजे एक चर्च आणि त्याच्या हद्दीत विखुरलेल्या वाड्या-वस्त्या.

त्या वेळी गादीवर होता राजा गुस्ताव अडॉल्फ. तरुण, हुशार, लढवय्या. पण त्याची अडचण अशी, की स्वीडन-फिनलंड मिळून माणसं जेमतेम बारा-तेरा लाख. खजिन्यात खडखडाट. इतर राजे पैसे मोजून भाडोत्री शिपाई आणायचे. याच्याकडे पैसा नाही, पण शेतकरी आहेत. मग त्यानं भरतीची पद्धत बसवली. पंधरा वर्षांपासून साठपर्यंतच्या पुरुषांची यादी करायची, दहा-दहांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून एक माणूस फौजेत न्यायचा. म्हणजे दर वेळी दहातला एक.

यादी करायची कुणी? गावच्या पाद्र्यानं. कारण कोण कधी जन्मला, कोण मेला, घरात किती माणसं, हे त्यालाच ठाऊक. ज्या व्यासपीठावरून रविवारी प्रार्थना व्हायची, तिथूनच भरतीचा हुकूमही वाचला जायचा. देवाचा माणूस आणि राजाचा कारकून, दोन्ही एकच!

ज्याच्या गाठीला चार पैसे होते, तो आपल्या जागी बदली माणूस द्यायचा. बदली जाणारा कोण असणार? गड्याचा पोर, नाहीतर ज्याच्या वाट्याला जमीनच नाही असा धाकटा भाऊ. जगाच्या पाठीवर कुठंही जा, ही रीत सारखीच.

२३० गेले, परतले किती?

या याद्या जपून ठेवल्या गेल्या. राजाला हिशेब हवा होता म्हणून. पुढे १९८० साली यान लिंडेग्रेन या स्वीडिश इतिहासकाराचा अभ्यास आला. त्यानं बिग्देओच्या याद्या आणि पलटणीच्या हजेरीवह्या शेजारी-शेजारी ठेवून एकेका नावाचा माग काढला. कोण कधी गेला, कुठल्या छावणीत होता, पुढे त्याचं काय झालं.

जे आकडे निघाले, ते वाचून इतिहासकारही हादरले.

१६२१ ते १६३९ या काळात बिग्देओमधून २३० जण फौजेत गेले. त्यातले २१५ परमुलखात मेले. पाच जण घरी आले, तेही पंगू होऊन. उरले दहा. गावात परतलेल्यांच्या हिशेबात तेही नाहीत.

पुन्हा वाचा. २३० गेले, पाच परतले.

१६२१ मध्ये गावात ४६८ पुरुष होते. १६३९ मध्ये राहिले २८८. मोठी माणसं संपत आली तशी भरती खाली-खाली सरकत गेली. १६३९ च्या तुकडीतली निम्मी पोरं फक्त पंधरा वर्षांची होती. आणि दोन जण सोडले तर बाकी सगळी अठराच्या आतली. मिसरूड न फुटलेली!

तुम्ही म्हणाल, लढाईत माणसं मरायचीच. पण गंमत अशी (गंमत म्हणायलाही जीभ धजत नाही) की यातले बहुतेक लढाईत मेलेच नाहीत. शत्रूचं तोंडही न बघता गेले. बंदरांवर आणि किल्ल्यांवर पहारा द्यायला या पोरांना ठेवलं जायचं. दाटीवाटीनं राहणं, घाणेरडं पाणी, अर्धपोट जेवण, अंगावर उवा. मग हगवण आणि टायफस यायला कितीसा वेळ? जंगलात, मोकळ्या हवेत, एकमेकांपासून लांब-लांब घरांत वाढलेल्या या मुलांच्या अंगात अशा रोगांशी झुंजायची ताकदच नव्हती. बंदुकीच्या गोळीपेक्षा छावणीतली विहीर जास्त जीवघेणी होती.

तिकडे राजाचं नाव मात्र दुमदुमत होतं. १६२१ मध्ये रीगा जिंकलं. १६३० मध्ये फौज जर्मनीत उतरली. १६३२ मध्ये ल्युत्सेनच्या लढाईत राजा स्वतः पडला, तरी युद्ध थांबलं नाही. १६४८ च्या तहात स्वीडनला उत्तर जर्मनीचा किनारा मिळाला आणि देश बड्यांच्या पंगतीत जाऊन बसला. त्या पंगतीचा खर्च कुणी भरला, हे बिग्देओच्या वहीत लिहिलेलं आहे.

आणि गावात काय झालं? नांगर बायकांच्या हातात आला. गुरं, शेत, मासेमारी, कर, सगळं त्यांनी रेटलं. भरतीची चाहूल लागली की काही पोरं जंगलात पळायची. पण पळणार किती आणि कुठं? एक पळाला की गटातल्या दुसऱ्याची पाळी. शेजाऱ्याच्या पोराला पुढे करून आपला पोर वाचवायचा. त्या नऊ घरांनी दहाव्या घराच्या डोळ्याला डोळा कसा दिला असेल?

शिपायाचं नवं नाव

हा प्रकार कायमचा चालणार नव्हता. १६८२ पासून राजा अकराव्या चार्ल्सनं देशभर नवी व्यवस्था लावली. काही शेतकऱ्यांनी मिळून एक शिपाई पोसायचा. त्याला एक झोपडी, थोडी जमीन आणि ठरलेला मोबदला द्यायचा. बदल्यात त्यांच्या पोरांवरची जबरदस्तीची भरती टळली. शिपाई एरवी शेती करणार, उन्हाळ्यात कवायतीला जाणार आणि युद्ध आलं की पलटणीत हजर होणार.

आता एक अडचण. गावात अँडर्सचा मुलगा अँडर्स, त्याचाही मुलगा अँडर्स. हजेरी घेताना नाव पुकारलं की पाच जण 'हजर' म्हणणार! म्हणून प्रत्येक शिपायाला नवं, छोटं नाव मिळू लागलं. रास्क म्हणजे चपळ. मोदिग म्हणजे शूर. ग्लाद म्हणजे आनंदी. कुणी 'पोलाद', कुणी 'ढाल', कुणी 'तलवार'. ही नावं आजही स्वीडनमध्ये आडनावं म्हणून सापडतात. एखाद्या आनंदी आडनावाच्या माणसाला खोदून विचारलं, तर पणजोबाचा पणजोबा पलटणीत निघतो.

पण झोपडी होती शिपायाची, त्याच्या बायकोची नव्हे. शिपाई मेला की नवा शिपाई येणार आणि विधवेनं घर रिकामं करायचं. कच्चीबच्ची घेऊन ती जाणार कुठं? मग कित्येक ठिकाणी एकच तोड निघायची. येणाऱ्या नव्या शिपायाशीच लग्न! प्रेमाबिमाचा प्रश्नच नव्हता. डोक्यावरचं छप्पर वाचवायचा तो व्यवहार होता.

व्यवस्था बदलली, तरी युद्धाची भूक काही बदलली नाही. १७०९ मध्ये युक्रेनमधल्या पोल्टाव्हाला बाराव्या चार्ल्सची फौज रशियाच्या पीटर द ग्रेटसमोर उभी ठाकली. वेस्टरबॉटनची पलटण जनरल रूसच्या तुकडीत होती. ही तुकडी रशियनांच्या मातीच्या बुरुजांशी झुंजत बसली आणि मुख्य फौजेपासून तुटली. शेकडो पडले. उरलेल्यांनी शेवटी शस्त्रं खाली ठेवली. तीनच दिवसांत उरलेली बहुतेक स्वीडिश फौजही शरण गेली आणि हजारो कैदी रशियात विखुरले. कित्येक जण पार सायबेरियात पोचले. तह झाला १७२१ साली. तोवर बारा वर्षं गेली. मधल्या काळात, १७१४ मध्ये, रशियन फौजांनी खुद्द उमेओ शहर जाळलं. घर राखायला ज्यांना शिपाई केलं, त्यातले कितीतरी हजारो मैलांवर कैदेत होते आणि इकडे घर पेटलं होतं.

शेवटची लढाई

नशिबाचा खेळ बघा. ज्या बिग्देओनं परक्या मुलखात एवढी पोरं घालवली, त्याच्याच दारात स्वीडनच्या भूमीवरची शेवटची लढाई झाली. १८०९ च्या मार्चमध्ये रशियन फौज गोठलेल्या समुद्रावरून चालत उमेओत आली. ऑगस्टमध्ये सॅवार आणि लगोलग रातान इथं लढाया झाल्या. रातान हे बिग्देओच्याच हद्दीतलं छोटंसं बंदर. त्याच वर्षी तहात स्वीडननं फिनलंड गमावलं. पुढे १८१४ मध्ये नॉर्वेशी छोटी मोहीम झाली आणि त्यानंतर स्वीडननं तलवार म्यान केली ती केलीच.

१९०१ मध्ये झोपडीवाल्या शिपायांच्या जागी सक्तीचं लष्करी शिक्षण आलं. पलटण उमेओच्या बराकींत राहू लागली. विसाव्या शतकातली दोन्ही महायुद्धं तिनं सरहद्दीवर पहारा देत काढली. मग शीतयुद्ध संपलं. लढायला शत्रू उरला नाही, असं सगळ्यांना वाटू लागलं. देशभर पलटणी मोडीत निघाल्या. २००० साली वेस्टरबॉटनच्या पलटणीचंही निशाण गुंडाळलं गेलं. २०१० मध्ये तर सक्तीची भरतीच थांबली.

गोष्ट इथं संपली असती, तर किती बरं झालं असतं! पण २०१४ मध्ये रशियानं क्रीमिया घेतला आणि स्वीडनला जाग आली. २०१७ मध्ये भरती पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि २०१८ पासून, सुरुवातीला वर्षाला सुमारे चार हजार, अशी तरुणांची निवड होऊ लागली. या वेळी मुलांबरोबर मुलीही. २०२४ च्या मार्चमध्ये स्वीडन नाटोत गेला आणि दोनशे वर्षांचा तटस्थपणा संपला. मोडलेल्या पलटणींपैकी काही पुन्हा उभ्या राहिल्या. आता स्वीडनमध्ये अठराव्या वर्षाला टेकलेल्या प्रत्येकाला सरकारी प्रश्नावली भरून द्यावी लागते. प्रकृती कशी, डोळे कसे, लष्करात जायची इच्छा आहे का...

काळ बदलला, हे मान्य. आताच्या बराकीत डॉक्टर आहे, स्वच्छ पाणी आहे, गरम जेवण आहे. बदली माणूस देऊन सुटायची सोय नाही आणि राजाच्या लहरीखातर कुणाला परदेशी धाडता येत नाही. शेजारी दांडगा असेल तर देशाला शिपाई लागतोच, हेही खरं. भाबडेपणानं सरहद्द राखली जात नाही.

मग बिग्देओची वही कशासाठी उघडायची? एवढ्यासाठीच, की मोठमोठ्या विजयांची स्मारकं शहरांच्या चौकांत उभी असतात. या २१५ जणांसाठी त्या काळी कुणी दगड रोवला नाही. कुठल्या तरी बंदराच्या मातीत ती पोरं निनावी पुरली गेली. त्यांची नावं टिकली, ती राजाला माणसांचा हिशेब हवा होता म्हणून. पाद्र्यानं थंडीत बसून, बोरू शाईत बुडवून नाव लिहिलं. शेजारी वय लिहिलं, पंधरा. त्याला ते पोर ठाऊक असणार. त्याच्याच हातून त्याचं बारसं झालं असेल.

युद्धाच्या बातम्या रोजच येतात. नकाशे दाखवले जातात, बाण सरकतात, कुणी किती मुलूख घेतला ते सांगितलं जातं. अशा वेळी एवढंच विचारायचं, की यातली माणसं कुठल्या गावची? आणि त्यातली किती परत आली?