अद्भुताला दुष्काळाची आडकाठी कशाला?

दुष्काळी जिल्ह्यातल्या लेखकाने जादूच्या गोष्टी लिहिणे म्हणजे जबाबदारी टाळणे, असे एका समीक्षकांनी नुकतेच बजावले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आटलेली विहीर, टँकर आणि सावकार एवढेच धाराशिवकडच्या लेखकाचे विषय, अद्भुत ही भरल्या पोटाची करमणूक, तीही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आणि मिसरूड फुटले की सुटायला हवी अशी.

उसनवारीचे म्हणाल, तर ‘यमुनापर्यटन’ ही सामाजिक कादंबरी 1857 साली आली आणि चारच वर्षांत ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य. त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी वाचकाने अद्भुतरम्य कादंबऱ्याच उचलून धरल्या. वयाच्या मुद्द्यावर शब्द खर्चण्यात अर्थ नाही. रात्रभर गोंधळाला बसणारी माणसे शाळकरी नसतात.

राग येतो तो दुष्काळाचा दाखला देण्याचा. धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात लेणी आहेत. कनकामर मुनींनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंशात ‘करकंडचरिउ’ रचले. त्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा येते आणि ती हीच लेणी, असे अभ्यासक मानतात. राजा करकंडू तिथे येतो. एक हत्ती सोंडेतून पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करताना त्याला दिसतो. वारूळ खणले तर आत पार्श्वनाथांची मूर्ती निघते. पुढे लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावरची एक गाठ राजाच्या डोळ्यांत खुपते. कारागीर सांगतो, इथे झरा लागला होता, तो बुजवायला ही गाठ ठेवली आहे. राजाला राहवत नाही. गाठ फुटते आणि लेणे पाण्याने भरून जाते. मग विद्याधर, पश्चात्ताप, वर नवे लेणे.

पाण्याविषयी याहून खरे काय लिहायचे राहिले? खाली पाणी आहे एवढे कळले की माणसाचा हात थांबत नाही. एक बोअर कोरडे गेले की दुसरे, ते गेले की आणखी खोल; शेजाऱ्याची विहीर आटली तरी मशीन चालूच. टँकरच्या रांगेचे वर्णन वाचून मला रांग कळते. गाठ फोडणारा हात कळायला करकंडू लागतो. ज्या मुलखात पाणी नाही त्याच मुलखाशी जोडलेल्या कथेत पाण्याचा पूर येतो, याला पळवाट म्हणणाऱ्याने कथा वाचलेली नाही आणि दुष्काळही नीट पाहिलेला नाही.

हा वाद मी पूर्वीही घातला आहे. तेव्हा समोरच्या विद्वानांना जी. ए. कुलकर्णींचे ‘इस्किलार’ थोर वाटत होते, पण ते अद्भुत आहे हे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. ते म्हणे रूपक! नारायण धारप मात्र न वाचताच करमणुकीच्या खात्यात. आवडलेले अद्भुत आधी बाजूला काढून घ्यायचे आणि मग या प्रकारात थोर काही नाही असा निकाल द्यायचा, ही लबाडी आहे.

परीक्षणेही तशीच होतात. अर्धे कथानक सांगायचे आणि शेवटी विचारायचे, ‘यातून संदेश काय?’ अद्भुत कथेच्या परीक्षकाने वेगळे विचारावे. त्या जगाचे नियम लेखकाने शेवटपर्यंत पाळले का? चमत्काराची किंमत कोणी मोजली? करकंडूच्या चमत्काराला आख्खे लेणे द्यावे लागले, म्हणून ती कथा टिकली. संकट आले की मंत्र सुचतो अशा कादंबऱ्या मलाही नकोत, आणि त्या आपल्याकडे लिहिल्या जातात.

लिहिणाऱ्याने बर्फातले किल्ले आणि ड्रॅगन जरा बाजूला ठेवावेत. नळदुर्गात बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे, तुळजापुरात घटस्थापनेआधी भवानी पलंगावर निद्रा घेते. संबळ आहे, कवड्यांची माळ आहे, इथली बोली आहे. त्या बोलीत बोलणारा विद्याधर मला वाचायचा आहे. कोणा पोरीने असे हस्तलिखित ट्रंकेत ठेवले असेल, तर तिने त्या समीक्षकांची परवानगी मागत बसू नये.