मोर्स मेला, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ऐकून पाहावे

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवर भारतातील विद्यार्थ्यांशी बोलले. त्या बातमीसोबत ‘हॅम रेडिओ म्हणजे काय?’ अशा चौकटी अनेक ठिकाणी आल्या. मी वाचलेल्या बहुतेक चौकटींत एक वाक्य थोड्याफार फरकाने होतेच: पूर्वी ही मंडळी मोर्सच्या कडकट्ट संकेतांनी बोलत, आता ते तंत्र कालबाह्य झाले आहे. त्यानंतर आमच्याच क्षेत्रातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी जेवणाच्या टेबलावर तोच निकाल अधिक विद्वत्तापूर्ण शब्दांत दिला. ‘मोर्स ही संग्रहालयातील वस्तू आहे, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात वेळ का घालवावा?’

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. जेवण थंड होत होते, आणि ज्येष्ठांशी वाद घालण्याची आपल्या संस्थांमध्ये फारशी पद्धत नाही. म्हणून ते येथे देतो आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मोर्सचे कैवारी म्हणवणाऱ्यांनीच मोर्सची बाजू सर्वाधिक दुबळी केली आहे. ‘आपत्तीत सगळे बंद पडते तेव्हा मोर्सच कामी येतो’ हा संदेश दर पावसाळ्यात फिरतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होते. त्यांनी केलेले काम अतुलनीय होते. पण ते मुख्यतः आवाजाने झाले, मोर्सने नव्हे. ‘एसओएस’ म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’ हेही खोटेच. १९०६ च्या बर्लिन परिषदेने ती खूण स्वीकारली ती तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही लय गोंगाटातही चुकता येत नाही म्हणून. समुद्रावरील संकटसंदेशांतून तर मोर्स १ फेब्रुवारी १९९९ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला, आणि आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तेव्हा ‘मोर्स उपयोगी आहे’ हे सिद्ध करायला निघालेला मी नाही. माझे म्हणणे वेगळे आहे: भौतिकशास्त्र शिकण्याचे इतके स्वस्त, इतके प्रामाणिक आणि इतके निर्दय साधन आपल्याकडे दुसरे नाही, आणि आपण ते जुनाट म्हणून फेकून देत आहोत.

माझे पीएचडीचे काम घनस्थिती भौतिकीतले. पाच वर्षे मी अशा यंत्रांवर काम केले की ज्यांचे झाकण उघडण्याची मला परवानगी नव्हती. ‘सिग्नल-टु-नॉइज रेशो’ हा शब्द मी प्रबंधात किती वेळा लिहिला असेल, कोण जाणे. तो मला समजला मात्र एका रात्री, सात मेगाहर्ट्झवर, कानाला हेडफोन लावून. पाचेकशे रुपयांचा, मोजक्याच ट्रान्झिस्टरचा ‘पिक्सी’ हा संच होता. त्याचे प्रसारण अर्ध्या वॅटच्या आसपास, म्हणजे विजेरीच्या बल्बाइतके. अँटेना म्हणजे साधारण वीस मीटर तांब्याची तार, मधोमध कापलेली, एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांचे नारळाचे झाड. तेवढ्यावर एका अनोळखी माणसाने हजाराहून अधिक किलोमीटरवरून माझे संकेतनाम परत उच्चारले. ‘उच्चारले’ हा शब्द चुकीचा आहे खरा, पण दुसरा सुचत नाही.

हे कसे घडते याचे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही करता येते. उष्णतेमुळे निर्माण होणाऱ्या गोंगाटाची शक्ती पट्टारुंदीच्या समप्रमाणात असते. आवाज पाठवायचा तर सुमारे अडीच हजार हर्ट्झ लागतात. मिनिटाला वीस शब्दांच्या मोर्सला शंभर-दीडशे हर्ट्झ पुरतात. पट्टी पंचवीसपट अरुंद केली की गोंगाट पंचवीसपट कमी, म्हणजे सुमारे १४ डेसिबल. शॅननने १९४८ मध्ये जे सूत्र मांडले, त्यातील तडजोड इथे बोटांनी अनुभवता येते: वेग सोडा, खात्री मिळवा. समोरचा ऐकू शकत नसेल तर तुम्ही सावकाश पाठवता. सूत्र माहीत नसलेला तारमास्तरही हेच करीत होता.

संकेताची रचना पाहा. इंग्रजीतील सर्वाधिक वापराचे ‘ई’ हे अक्षर म्हणजे एक टिंब. ‘क्यू’ला त्याच्या तेरापट वेळ लागतो. अधिक येणाऱ्या चिन्हाला लहान संकेत द्यायचा, हे तत्त्व हफमनने १९५२ मध्ये गणिती पूर्णत्वास नेले आणि आज तुमच्या फोनमधील प्रत्येक छायाचित्र त्याच कुळातील युक्तीने आकसलेले असते. त्याची सुरुवात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली होती. मी एकदा प्रथम वर्षाच्या मुलांना मराठी वर्तमानपत्राचे एक पान मोजायला दिले: कोणते अक्षर किती वेळा? मराठीसाठी मोर्स नव्याने रचायचा तर एकच टिंब कोणाला द्याल? वर्ग तासभर भांडत होता. जोडाक्षर हे एक चिन्ह धरायचे की दोन, काना वेगळा मोजायचा का, यावर दोन तट पडले. माहितीचा सिद्धांत शिकवताना इतका गोंधळ मी पूर्वी कधी पाहिला नव्हता, आणि इतके लक्षही.

पुढची गोष्ट फूरिये यांची. मोर्सची की दाबली की लहर सुरू, सोडली की बंद. यात काय मोठे? पण लहर तत्क्षणी सुरू केली तर शेजारच्या वारंवारतांवर टकटक ऐकू येते आणि तिथला माणूस वैतागतो. लहरीची चढण आणि उतरण पाचेक मिलिसेकंदांची, गोलाईदार केली की टकटक नाहीशी होते. काळात जे तीक्ष्ण ते वारंवारतेत पसरट, हा प्रमेय फळ्यावर मी डझनभर वेळा सिद्ध केला आहे. तो पहिल्यांदा अंगी लागला एका परक्या माणसाच्या तक्रारीने. पॉवर सप्लाय कच्चा असेल तर की दाबताक्षणी स्वर घसरतो, चिवचिवतो. गंमत म्हणजे चूक लपवता येत नाही. आपल्या प्रयोगशाळांतील वह्यांमध्ये उत्तर ‘जुळवण्याची’ जी कला तीन-तीन पिढ्यांत रुजली आहे, ती इथे निरुपयोगी ठरते. समोरचा ऐकतो तरी, किंवा ऐकत नाही.

आणि मग आयनांबर. मे २०२४ मधील सौर वादळाची बातमी आठवत असेल. १० मेच्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाशातील लाल आभेची छायाचित्रे आली, दुसऱ्या दिवशी ती प्रत्येकाच्या फोनवर होती. आदित्य-एल१ त्याच वर्षी ६ जानेवारीला आपल्या जागी पोहोचले होते, त्याचाही उल्लेख सर्वत्र झाला, रास्तच होता. त्या रात्री मी घरी रेडिओपाशी बसलो होतो. दहा वाजता युरोपातील स्थानके नेहमीसारखी गजबजलेली. साडेदहानंतर वादळ पृथ्वीवर येऊन धडकले, आणि पुढच्या काही तासांत उत्तरेकडील एकेक स्वर आधी थरथरू लागला, मग बुडाला. मध्यरात्रीनंतर आग्नेय आशियातील दोन-तीन स्थानके तेवढी उरली. हानलेच्या आकाशाने डोळ्यांना जे दाखवले तेच मी कानांनी ऐकत होतो, शहराच्या मध्यावर, सोडियमच्या दिव्यांखाली. देशातील किती भौतिकशास्त्र विभागांत त्या रात्री कोणी ऐकत होते? तुम्हीच सांगा.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’ नावाचे हौशी रेडिओधारकांचे जाळे जगभर पसरले आहे. त्यातील स्वयंचलित रिसीव्हर चोवीस तास मोर्स ऐकतात आणि कोणाचा संकेत, कोठे, किती स्पष्ट आला याची नोंद करतात. अमेरिकेतील २०१७ च्या खग्रास ग्रहणात चंद्राच्या सावलीखाली आयनांबर कसे बदलले, हे या नोंदींवरून तपासले गेले आणि त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्या संकेताला आमचे प्राध्यापक संग्रहालयात पाठवतात, तोच इथे मोजमापाचे साधन आहे. आता भूगोल पाहा. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जाते. १९६२ मध्ये थुंबा निवडले गेले ते याच कारणाने. सूर्यास्तानंतर तेथील आयनांबरात जे बुडबुडे उठतात, त्यांमुळे उपग्रहसंदेशही डळमळतात. जगातील संशोधक ज्या आकाशासाठी हेवा करतील ते आपल्या डोक्यावर आहे. आणि मी जेव्हा जेव्हा त्या जाळ्याचा नकाशा उघडतो, तेव्हा भारताच्या जागी एखाद-दुसरा ठिपका दिसतो.

आक्षेप ठाऊक आहेत. सर्वांत वजनदार आक्षेप असा की, दुर्बल संकेत उचलायचा तर ‘एफटी८’सारख्या संगणकीय पद्धती मोर्सच्या कितीतरी पुढे आहेत. हे सोळा आणे खरे. गोंगाटाच्या २० डेसिबल खाली गाडलेला संदेश त्या वाचतात; निष्णात कानालाही ते जमत नाही. पण ‘एफटी८’ २०१७ मध्ये ज्यांनी घडवली त्यांपैकी एक म्हणजे जो टेलर, युग्म पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे नोबेल मिळवणारे आणि पोरवयापासूनचे हॅम. रेडिओ खगोलशास्त्रातील पहिल्या नोबेलचे मानकरी मार्टिन राइल हेही हॅमच होते. अंगणात स्वतःच्या हाताने रेडिओ दुर्बीण बांधणारा ग्रोट रेबर, तोही. ज्यांनी गोंगाटातून संकेत वेचण्याची यंत्रे केली, त्यांनी आधी तो कानांनी वेचला होता. आपण मात्र मुलांच्या हाती थेट सॉफ्टवेअर देतो आणि पडद्यावर अक्षरे उमटली की शिकवणे झाले असे मानतो.

दुसरा आक्षेप परीक्षेचा: मोर्सच्या सक्तीमुळे नवे लोक या छंदाकडे फिरकत नाहीत. मान्य. २००३ च्या जिनिव्हा परिषदेने सक्ती ठेवायची की नाही हे प्रत्येक देशावर सोपवले. अमेरिकेने २००७ मध्ये ती पूर्णपणे उठवली, आणि तरीही स्पर्धांच्या शनिवार-रविवारी वीस मीटरच्या पट्ट्यात आजही मोर्ससाठी तसूभर जागा मिळत नाही. सक्ती नकोच. परवान्याच्या दारावर पहारेकरी म्हणून मोर्सला उभे करणारे आणि त्याला स्मशानात पोहोचवणारे, दोघेही त्याला ओझेच समजतात.

राहिला पैसा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ हा घरी जोडता येणारा संच रचला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. जगभरचे हौशी तो बांधतात. म्हणजे कसब आपल्याकडे आहे. कमी आहे ती गच्चीवर जाण्याची परवानगी. पूर्वीच्या एका संस्थेत मी विभागासाठी तारेच्या अँटेनाची मागणी केली होती. एकूण खर्च दोन हजार रुपयांच्या आत. फाइल इमारत विभागाकडे गेली, तेथून सुरक्षा विभागाकडे, तेथून ‘अँटेनामुळे वीज पडेल काय’ या पृच्छेसह परत माझ्याकडे. मी दोन पानी उत्तर लिहिले, आकृतीसह. सात महिन्यांनी कळले की त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याला मंजुरी मिळाली आहे.

माझी मागणी छोटी आहे. पदवीच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांत एक सत्र असे असावे की विद्यार्थी स्वतः रिसीव्हर जोडतील, तार बांधतील आणि मोर्स ऐकून दिवस-रात्रीच्या नोंदी ठेवतील. ज्यांना प्रसारण करायचे त्यांना परवान्याच्या परीक्षेसाठी विभागाने साहाय्य करावे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेले काही जण हे वाचत असतील. पुढच्या बैठकीत विषय मांडून पाहा आणि काय उत्तर मिळते ते कळवा. मी ती उत्तरे जमवतो आहे.

तोपर्यंत, ज्यांना माझे म्हणणे अतिशयोक्त वाटते त्यांच्यासाठी: नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर कोणालाही ब्राउझरमधून वापरता येतो. संध्याकाळी तो उघडा, पद्धत ‘सीडब्ल्यू’ निवडा आणि १४.००० ते १४.०७० मेगाहर्ट्झच्या दरम्यान हळूहळू सरका. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर अर्धी माणसे ऐकूच येत नाहीत.