घोडीचं बीपी आणि तुमचं बीपी



"डॉक्टर, जाता जाता जरा बीपी बघा ना!" हे वाक्य मी रोज ऐकतो. पेशंट उभा असतो, एक हात बाहीतून अर्धा काढलेला, दुसऱ्या हातात मोबाइल. आणि खरं सांगतो, अनेक वर्षं मी तसंच "बघून" दिलंही. आज त्याच सवयीविरुद्ध लिहितोय. सुरुवात मात्र एका घोडीपासून करू.

एक जुनं, गाजलेलं बीपी

रक्तदाब मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग माणसावर नव्हे, घोडीवर झाला. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे धर्मोपदेशक होते, डॉक्टर नव्हते. १७३३ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी हा प्रयोग लिहून ठेवला आहे. सुमारे १४ वर्षांच्या एका घोडीला त्यांनी पाठीवर आडवी करून बांधलं, मांडीची धमनी उघडली, तिच्यात पितळी नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी जोडली. रक्त त्या नळीत हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच वर चढलं.

आजच्या हिशोबानं हा दाब पाऱ्याच्या १९० मिलिमीटरच्या आसपास भरतो. शांत उभ्या घोड्याचा वरचा आकडा मात्र याच्या बराच खाली, साधारण ११० ते १४० दरम्यान असतो. मग ती घोडी बीपीची पेशंट होती का? नाही. ती बांधलेली होती, घाबरलेली होती, वेदनेत होती. नळीनं आकडा बरोबरच दाखवला, पण तो त्या क्षणाचा होता, घोडीचा नेहमीचा नव्हता.

हेल्स यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. दंडावर गुंडाळायचा पट्टा रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला आणि स्टेथोस्कोपनं आवाज ऐकून मोजायची पद्धत कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. आपल्याकडे दोन्ही आहेत. तरी आपण धावतपळत आलेल्या माणसाचा आकडा घेतो आणि त्यावर गोळी लिहितो, तेव्हा आपण त्या घोडीपाशीच अडकलेलो असतो.

आज घोड्याचं बीपी कसं मोजतात?

पशुवैद्य उभ्या घोड्याच्या शेपटीच्या मुळाशी पट्टा बांधतात, कारण तिथे धमनी सहज सापडते. पट्टा शेपटीच्या जाडीला योग्य हवा. घोडा शांत व्हायची वाट पाहावी लागते. त्यानं मान खाली घातली की आकडा बदलतो, म्हणून डोकं नेहमीच्या उंचीवर हवं. शेपटी हृदयाच्या वर असते, त्या उंचीचा फरक हिशोबात धरावा लागतो. एका आकड्यावर न थांबता अनेक आकड्यांची सरासरी काढतात. भूल दिलेल्या घोड्यात तर थेट धमनीतच नळी ठेवतात, कारण सरासरी दाब ७० च्या खाली राहिला तर त्या अवजड जनावराचे स्नायू दुखावतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला उठणंही कठीण होतं.

आता सांगा, शेवटच्या वेळी तुमचं बीपी मोजताना यातलं काय काय केलं होतं?

"दहा-पंधराचा फरक, त्यात काय एवढं?"

हा युक्तिवाद मला डॉक्टरांकडूनही ऐकू येतो. पण दवाखान्यात आपण १४०/९० ही रेषा मानतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर आकडा सुमारे ७-८ नं वाढतो. मोजताना बोललात तर आणखी वाढतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर पुन्हा वाढतो. निरोगी माणूस "बीपीचा पेशंट" व्हायला एवढं पुरतं.

माझ्याकडे आलेल्या एका आजींचं उदाहरण देतो. एका शिबिरात रांगेत उभ्या असताना, स्वेटरवरूनच त्यांचं बीपी मोजलं गेलं. आकडा जास्त आला आणि गोळी दुप्पट झाली. दहा दिवसांनी पहाटे उठताना चक्कर येऊन त्या पडल्या, मनगट मोडलं. शांत बसवून मोजलं तेव्हा वरचा आकडा १०४ होता.

याची उलट बाजूही आहे. काहींचं बीपी दवाखान्यात ठीक दिसतं आणि घरी, कामावर चढलेलं असतं. घाईतला एक "नॉर्मल" आकडा त्यांना वर्षानुवर्षं गाफील ठेवतो. मेंदू, हृदय आणि किडनी याची किंमत मोजतात.

मग तुम्ही काय करायचं?

१. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या.
२. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको.
३. पट्टा उघड्या दंडावर, दंडाच्या मापाचा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत.
४. मोजताना बोलू नका. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तरी नंतर उत्तर द्या!
५. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बघा.
६. शंका असेल तर घरी दंडावरच्या मशीनवर सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी दोन-दोनदा मोजून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी रेषा १३५/८५ धरतात.

हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असं काही असेल, तर सात दिवस थांबू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

"वेळ कुठे आहे?" असं माझे सहकारी म्हणतील. पाच मिनिटं पेशंट बाहेरच्या बाकावरही बसू शकतो. आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी एवढा वेळ नसेल, तर ती गोळी लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात बिनधास्त म्हणा, "डॉक्टर, आधी पाच मिनिटं बसतो, मग मोजा." मला म्हणालात तरी चालेल. मला राग येणार नाही.