तिलाच विचारा, तिलाच सांगू द्या!

"कशी आहेस गं?" असं कुणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलंच. "बरी आहे." कंबर धरलेली असो, अंगात ताप असो, चहाचं आधण ठेवता ठेवता आपण हेच म्हणतो. घरात हे खपून जातं. पण कॅन्सरच्या उपचारांची चाचणी, म्हणजे क्लिनिकल ट्रायल चालू असताना एखादी बाई "बरी आहे" म्हणून मोकळी झाली, तर तिच्यामागून येणाऱ्या बायकांना त्याची किंमत मोजावी लागते.

अशा चाचणीत दोन उपचारांपैकी कुठला सरस, हे रुग्णांच्या संमतीने आणि ठरलेल्या पद्धतीने तपासतात. गाठ किती कमी झाली, आजार उलटला का, माणूस किती जगला, हे तर मोजतातच. पण ते दिवस कसे गेले? तेही मोजता येतं, बरं का! इंग्रजीत याला ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणतात. मराठीत ‘जीवनमान’ म्हटलं की फ्रिज-टीव्ही डोळ्यांपुढे येतात, म्हणून मी आपलं ‘जगण्याची प्रत’ म्हणते.

युरोपातल्या ई.ओ.आर.टी.सी. या संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मराठीत आणि हिंदीतही आहे. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ती आपल्याकडच्या रुग्णांवर पडताळून पाहिली आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्न अगदी घरगुती. जड पिशवी उचलताना त्रास होतो का? दिवसा पडून राहावं लागतं का? अंघोळीला, कपडे घालायला मदत लागते का? चिडचिड होते का? आजारपणामुळे पैशाची ओढाताण झाली का? एक प्रश्न छंदांविषयीही आहे. जिला दुपारी पाठ टेकायला मिळत नाही तिला कसले छंद, असं वाटतं खरं. पण भजनी मंडळ, विणकाम, संध्याकाळची मालिका हेही त्यातच धरायचं की!

या प्रश्नांनी काय साधतं ते टाटा मेमोरियलच्याच एका चाचणीत दिसलं. डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१९ या काळात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ३०० रुग्ण स्त्रियांना त्यात घेतलं. शस्त्रक्रियेनंतर काहींना नेहमीच्या पद्धतीने किरणोपचार दिले, तर काहींना आतड्याला कमीत कमी किरण लागतील अशा नव्या, नेमक्या पद्धतीने. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. आजार आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक नव्हता. म्हणजे तेवढंच पाहिलं असतं तर "दोन्ही सारखेच" म्हणून फाइल बंद! पण तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत शंभरात ४२ जणींना झाला, नव्या पद्धतीत २१ जणींना. बायकांनी स्वतः भरलेल्या उत्तरांतही जुलाब कमी आणि भूक बरी, असंच आलं.

ज्या लोकलमध्ये शौचालय नाही, त्या लोकलने बोरिवलीहून दादरला जायचं आणि पोटाचा भरवसा नाही, म्हणजे काय, हे बाईमाणसाला समजावून सांगायला नको. अशी बाई हळूहळू लग्नकार्याला जाणं सोडते, नोकरी सोडते. एक्स-रेमध्ये हे कुठे दिसणार?

आणि नुसतं विचारण्यानेही फरक पडतो. अमेरिकेत डॉ. एथन बाश यांनी ७६६ रुग्णांची चाचणी केली. काही जणांनी आपला त्रास वेळोवेळी संगणकावर कळवला आणि तो वाढला की नर्सला सूचना जाई. २०१७ मध्ये कळलं, की हे रुग्ण साधारण ३१ महिने जगले, नेहमीच्या पद्धतीचे २६.

आता खरी अडचण सांगते. मुलुंड-घाटकोपरच्या रुग्णांसोबत मी रुग्णालयांत बसते, तिथे पाहिलेली. प्रश्न बाईला असतो, उत्तर मुलगा देतो. "आई, तुला उदास वाटतं का?" असं तिला विचारायच्या आतच "नाही, नाही, आई एकदम खंबीर आहे!" माया असते त्यात, नाही कशाला म्हणू? पण कागदावर आईचं उत्तर येत नाही, मुलाची इच्छा येते. स्तनांच्या कॅन्सरच्या जोडपत्रात आणखी २३ प्रश्न आहेत. शरीर बदलल्यावर काय वाटतं, नवरा-बायकोचे संबंध कसे आहेत, हेही त्यात येतं. सासूच्या पुढ्यात कोण उत्तर देणार? रकाना कोराच राहतो.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणासोबत गेलात तर प्रश्नांच्या वेळी जरा बाहेर बसा. वाचता येत नसेल तर नर्सताईंना वाचून दाखवायला सांगा. प्रश्न आहे तसा वाचावा, आपल्या पदरचं घालू नये. आणि तिने ‘खूप त्रास’ म्हटलं तर ‘थोडा’ लिहू नये. "तक्रार केली तर औषध बंद करतील" ही भीती फार जणींना असते. तिला सांगा, ट्रायलमधून कधीही बाहेर पडायचा हक्क तिचा आहे आणि त्रास सांगणं म्हणजे तक्रार नव्हे.

आणखी एक. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत डॉक्टर नसलेली एक सामान्य व्यक्ती आणि एक स्त्री असावीच लागते. महिला मंडळात काम करणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला असं बोलावणं आलं तर नुसतं सही करून येऊ नका. हे प्रश्न कोण विचारणार, कुठल्या भाषेत विचारणार आणि त्यासाठी दार लावता येईल अशी खोली आहे का, एवढं तरी विचारून घ्या.