विश्लेषण : लग्नाचा व्हिडीओ २५ फ्रेमचा की ३०चा?

भांडुपच्या शिवाजी तलावावरचे विसर्जन असो की एखाद्या हॉलमधले लग्न, चित्रीकरण हल्ली मोबाइलवरही होते. नंतर मोठ्या पडद्यावर पाहताना काळसर पट्टे सरकताना दिसतात. ढोलावर टिपरू आधी पडते आणि ठोका मागाहून ऐकू येतो. लग्न पुन्हा लावता येत नाही. या बिघाडाचे मूळ अनेकदा फ्रेम रेटमध्ये असते.

हे आकडे आले कुठून?

सेकंदाला किती चित्रे टिपायची, तो फ्रेम रेट. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) काळात कॅमेरा हाताने फिरवत, वेग कमी-जास्त होई. बोलपट आल्यावर ते चालेना. वेग बदलला की आवाजही बदले, म्हणून २४ ठरले. भारतातली वीज ५० हर्ट्झची. दूरदर्शनचा दर त्याच्या निम्मा, २५. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे जवळपास ३०. आपल्या खिशातले बहुतेक मोबाइल मात्र मुळातच ३०वर लावलेले असतात.

पट्टे का दिसतात?

आपल्याकडचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की प्रत्येक फ्रेमला सारखा प्रकाश मिळतो, मग दर ३० असला तरी बिघडत नाही. स्टेजमागच्या एलईडी पडद्याचे गणित वेगळे. त्याची लुकलुक स्वतःच्या सर्किटच्या तालावर चालते. तिथे शटर थोडे थोडे बदलून पाहावे लागते.

निवड कशी करावी?

व्हिडीओ कुठे दाखवायचा, यावरून. वाहिनीसाठी २५, चित्रपटगृहासाठी २४. नुसती रील टाकायची तर ३० पुरे. लेझीम संथ गतीत हवी असेल तर ५०वर टिपून २५वर चालवावी. त्यासाठी शटर वेगवान लागते आणि प्रकाश निम्माच मिळतो, हे रात्रीच्या मिरवणुकीत जड जाते. सरसकट ६० ठेवण्याची हौस बहुधा फाइल फुगवण्यापुरतीच.

खरा घोळ मिश्रणाचा. एक कॅमेरा २५वर आणि दुसरा ३०वर असेल, तर संकलनात सेकंदाला पाच फ्रेम गाळाव्या किंवा वाढवाव्या लागतात आणि नवरा-नवरी अडखळत चालताना दिसतात. त्यातच अनेक मोबाइल कमी उजेडात दर आपोआप घटवतात. संकलनाच्या सॉफ्टवेअरला हा बदल पेलला नाही, तर टिपरू आणि ठोक्याची फारकत होते. ही आपोआप बदलण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येत असेल, तर चित्रीकरणाआधीच करावी. आकडाही ऑर्डर घेतानाच ठरवावा, सगळ्या कॅमेऱ्यांना एकच.