बोर्ड पाहिलात, मान्यताही पाहा

महाराष्ट्रात पालक शाळा ओळखतात ती बहुधा बोर्डावरून: स्टेट, सीबीएसई किंवा आयसीएसई. पण बोर्ड अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवते. पगार कोण देणार, खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे शाळा कोणत्या प्रकारात मोडते त्यावर ठरते.

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळा सार्वजनिक पैशातून चालतात. आदिवासी विकास विभाग स्वतःच्या आश्रमशाळा चालवतो. खासगी अनुदानित शाळेत व्यवस्थापन संस्थेचे आणि पगार सरकारचा. इथे सारे काही पटावर अवलंबून. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० साठी तीन. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकपदांना मिळणाऱ्या मंजुरीत, पद जाते आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरून समायोजनाच्या यादीत येतो.

तिसरा प्रकार विनाअनुदानित. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता मिळू लागली. २००९ मध्ये 'कायम' शब्द वगळला गेला आणि पात्र शाळांना पुढे २०, ४०, ६० टक्के असे टप्पा अनुदान सुरू झाले. शिक्षकांची आझाद मैदानावरील आंदोलने याच टप्प्यांसाठी झाली. चौथा प्रकार २०१२ च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. त्यांना अनुदान नाही.

खासगी शाळांवर नियम मात्र आहेत. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. तिथले पालक सोडतीने निवडले जातात. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली. शिक्षण हक्क कायद्यानुसार अल्पसंख्याक शाळा वगळता विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला यातून सूट देणारी राज्याची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी मागाव्यात: मान्यतेचा आदेश, यूडायस (शाळेच्या सरकारी नोंदीचा) क्रमांक आणि कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी. मान्यतेविना शाळा चालवणे कायद्याने गुन्हा आहे. दंड एक लाखापर्यंत, त्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार.